दोन पानांचा फॉर्म: प्राथमिक वर्गशिक्षकांना खुलं पत्र

प्रिय वर्गशिक्षक बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

चोवीस वर्षं मी प्राथमिकच्या वर्गावर आहे. हे पत्र एका फॉर्मबद्दल आहे: मुलाला एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, हा विकार आहे का हे ठरवताना डॉक्टर शिक्षकांकडून भरून घेतात तो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या हातात तो कधी ना कधी आला असेल. एखाद्या मुलाची आई मधल्या सुट्टीत अवघडून वर्गाच्या दाराशी उभी राहते, पिशवीतून पाकीट काढते आणि म्हणते, "बाई, डॉक्टरांनी हे तुमच्याकडून भरून आणायला सांगितलंय." आत दोन पानं असतात. प्रत्येक ओळीत एक वाक्य आणि समोर चार चौकोन: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, नेहमी. 'अभ्यासात बारीकसारीक चुका करतो.' 'समोर उभं राहून बोललं तरी ऐकत नसल्यासारखा वाटतो.' 'बसायचं असताना जागेवरून उठतो.' 'प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो.'

असा पहिला फॉर्म आला तेव्हा मी तो शिक्षकखोलीत वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून, घंटा व्हायच्या आत भरून टाकला. पाच मिनिटंही लागली नसतील. त्या दिवशी सकाळीच त्या मुलाच्या हातून शेजारच्या मुलीच्या चित्रावर पाणी सांडलं होतं. धक्का लागून सांडलं होतं, पण माझा राग उतरला नव्हता. शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा करत गेले. 'मुद्दाम इतरांना दुखावतो' या ओळीसमोरही तीच खूण. त्या मुलाने कुणाला मुद्दाम दुखावलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांचा फोन आला. आवाजात जराही तक्रार नव्हती. त्यांनी विचारलं, "बाई, त्याचं लक्ष कुठल्या तासाला जास्त उडतं? ऐकताना की लिहिताना? सकाळी की मधल्या सुट्टीनंतर? तुम्ही गोष्ट सांगता तेव्हा बसतो का?" मुलगा सात महिने माझ्या वर्गात होता, आणि मला यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही.

त्या फोननंतर मी या विषयावर मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारलं, पालकांचं ऐकलं. त्यातलं जे आपल्या कामाचं आहे ते तुमच्यापुढे ठेवते.

एडीएचडी हा विकार रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. मेंदूचा फोटो काढूनही एखाद्या मुलाला तो आहे की नाही हे आज सांगता येत नाही. निदान होतं ते मुलाच्या रोजच्या वागण्याची नीट माहिती गोळा करून. सध्या चालणाऱ्या निकषांत अवधानाची नऊ आणि चंचलता-उतावीळपणाची नऊ अशी लक्षणं आहेत. मुलांमध्ये यापैकी एका गटातली तरी किमान सहा दिसावी लागतात, तीही सहा महिने टिकलेली. त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली हवीत, आणि ती निदान दोन ठिकाणी दिसायला हवीत, फक्त घरी किंवा फक्त शाळेत असून चालत नाही. शिवाय त्यामुळे मुलाचं शिकणं, मैत्री, घरातलं जगणं अडतंय हेही दिसलं पाहिजे.

आता हे दुसरं ठिकाण कोणतं? बहुतेक मुलांसाठी आपला वर्ग. डॉक्टरांसमोर मूल वीस-पंचवीस मिनिटं असतं. जागा नवी असते, समोर एकच माणूस असतो आणि त्याचं सगळं लक्ष मुलाकडे असतं. अशा वेळी ही मुलं पुष्कळदा अगदी शहाण्यासारखी बसतात. "दवाखान्यात तर छान बसला होता, म्हणजे शाळेतच नाटकं करतो," असं मी स्वतः म्हटलेलं आहे. खरं उलटं आहे. पस्तीस-चाळीस मुलांच्या गलक्यात, कंटाळवाण्या पानावर, पाऊण तास टिकून राहायला काय लागतं हे डॉक्टरांना त्यांच्या खोलीत दिसूच शकत नाही. ते फक्त आपल्याला दिसतं. आपण घाईत ओढलेली खूण म्हणजे चुकीच्या माणसाचा एक्स-रे पाकिटात घालून पाठवण्यासारखं आहे.

मला हे सगळं एका वजाबाकीने शिकवलं, ती सांगते.

डॉक्टरांच्या फोननंतर मी त्या मुलाच्या वह्या पुन्हा काढल्या. गणिताच्या वहीत एका पानावर माझ्याच हातची लाल फुली होती आणि खाली शेरा: 'लक्ष नाही.' फळ्यावर मी लागोपाठ दोन उदाहरणं दिली होती. पहिलं ४७२ वजा १८५, दुसरं ४६३ वजा १२८. वहीत होतं ४७२ वजा १२८, आणि उत्तर ३४४. फुली तर बरोबरच होती, असलं उदाहरण मी दिलंच नव्हतं. पण मी पेन्सिल घेऊन त्याची वजाबाकी तपासली. बरोबर होती. हातचा बरोबर घेतला होता, दशकात एक कमी केला होता, सगळं जिथल्या तिथे. त्याने पहिल्या उदाहरणातली वरची संख्या लिहिली, वहीवरून नजर उचलून फळ्याकडे नेली, आणि तेवढ्या प्रवासात ओळ सुटली. खालची संख्या दुसऱ्या उदाहरणातली आली. मग समोर जे होतं ते त्याने प्रामाणिकपणे सोडवलं.

हातच्याची वजाबाकी त्याला येत होती. फळ्यापासून वहीपर्यंत तीन अंक डोक्यात धरून आणणं जमत नव्हतं. आणि मी वर्षभर त्याला वजाबाकीच शिकवत होते, वर पुन्हा 'दहा वेळा लिही' म्हणून फळ्यावरूनच उतरवायला लावत होते.

या विकाराचं मर्म मला या पानावर सापडलं. काय करायचं हे मुलाला माहीत असतं. ते ऐन वेळी करायला जी यंत्रणा लागते ती कच्ची असते. दोन-चार गोष्टी क्षणभर डोक्यात धरून ठेवणं, तोंडावर आलेलं वाक्य रोखणं, हातातलं सोडून दुसरं उचलण्याची उबळ दाबणं, वेळ किती गेला याचा अंदाज ठेवणं, ही सगळी मेंदूच्या पुढच्या भागाची कामं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २००७ साली शेकडो मुलांच्या मेंदूंची वाढ वर्षानुवर्षं मोजून प्रसिद्ध केली. मेंदूच्या बाह्य थराची जाडी साधारणपणे साडेसातव्या वर्षाच्या आसपास जिथे कमाल होते, तिथे एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये ती साडेदहाव्या वर्षाच्या सुमारास झाली. क्रम तोच, पण तीन वर्षं उशिरा, आणि सगळ्यात जास्त उशीर पुढच्या भागात. हालचालींचं नियंत्रण करणारा पट्टा मात्र या मुलांमध्ये किंचित लवकर पक्व झालेला दिसला. हे सरासरीचे आकडे आहेत, एकेका मुलाला लावायचे नाहीत. पण चौथीतल्या मुलाकडून आपण चौथीच्या संयमाची अपेक्षा करतो तेव्हा नेमकं काय मागतो आहोत, हे समजायला ते पुरेसे आहेत.

"मोबाइलवर दोन-दोन तास खेळतो, तेव्हा बरं लक्ष लागतं!" हे वाक्य प्रत्येक पालकसभेत येतं आणि आपणही मान डोलावतो. खेळात दर काही सेकंदांनी काहीतरी घडतं आणि बक्षीस मिळतं. तिथे लक्ष बाहेरून धरून ठेवलेलं असतं. वहीत ते आतून धरावं लागतं. खेळात रमणं हा मूल लबाड असल्याचा पुरावा धरू नका.

आणखी एक गोष्ट पालकसभेच्याच संदर्भात. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडी कुणाला होईल यातल्या फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग आनुवंशिकतेशी जोडलेला आहे. तेव्हा जे वडील सभेची तारीख विसरतात, फी भरायची राहून जाते, सही करायची वही घरीच ठेवतात, त्यांनाही लहानपणी वर्गाबाहेर उभं केलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. 'घरातूनच बेशिस्त' हा शेरा मनात आला तर एवढं आठवा.

शंभरातल्या साधारण पाच मुलांना हा विकार असतो. म्हणजे तुमच्या-माझ्या वर्गात दरवर्षी एखाद-दुसरं मूल असणारच. लंडनमधल्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली आपल्या व्याख्यानांत अशा ४३ मुलांचं वर्णन केलं होतं. बुद्धी शाबूत आहे, घरही बरं आहे, तरी हे मूल स्वतःला आवरू शकत नाही, असं त्याने पाहिलं आणि नाव दिलं 'नैतिक नियंत्रणातला दोष'. शास्त्राने ते नाव केव्हाच टाकलं. १९८० मध्ये नावात 'अवधान' आलं, १९८७ मध्ये आजचं नाव आलं. आपल्या प्रगतिपुस्तकांत मात्र अजून १९०२ साल चालू आहे: 'मुद्दाम करतो', 'हट्टी', 'सुधारण्याची इच्छा नाही'.

आता दुसऱ्या एका मुलीबद्दल लिहिते. तिच्याबद्दल लिहिताना मला जास्त वाईट वाटतं, कारण तिच्यासाठी फॉर्म कधी आलाच नाही.

ती तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसायची. एकदाही जागेवरून उठली नाही, एकदाही मध्ये बोलली नाही. 'समजलं का?' विचारलं की मान हलवायची. तिच्या वहीची पानं खोडून खोडून पातळ झालेली असत, काही ठिकाणी चक्क भोकं. वाक्य सुरू व्हायचं आणि मध्येच संपायचं, पुढची ओळ भलत्याच प्रश्नाची. डबा, स्वेटर, कंपास, काहीतरी रोज शाळेत राहायचं. मी वर्षाअखेरीस लिहिलं: 'शांत व समंजस. थोडी अधिक मेहनत घ्यावी.' ती घरी रात्री दहापर्यंत गृहपाठ करत बसते हे तिच्या आजीने मला वर्ष संपल्यावर सांगितलं. त्याहून अधिक मेहनत ती कुठून आणणार होती?

एडीएचडीचा एक प्रकार असा आहे ज्यात अवधान सुटतं पण चंचलता जवळजवळ नसते. मुलींमध्ये हा विकार जास्त करून या रूपात दिसतो आणि म्हणून हुकतो. जो वर्गाला त्रास देतो त्याच्यासाठी आपण पालकांना बोलावतो. जिचा त्रास फक्त तिलाच होतो तिला आपण समंजस म्हणतो. पुढे दहावी-बारावीत अशी मुलगी नैराश्य किंवा चिंतेची तक्रार घेऊन डॉक्टरांपर्यंत पोचते, तोवर 'मी मुळात बथ्थडच' हे तिचं पाठ झालेलं असतं. तुमच्या वर्गात खिडकीकडे कोण बसलंय ते उद्या एकदा बघा.

इथे मला दुसऱ्या बाजूचीही एक सूचना द्यायची आहे. थोडं वाचलं की आपल्याला जो तो चुळबुळ करणारा मुलगा 'तसाच' दिसायला लागतो, आणि आपण पालकांना थेट नाव सांगून मोकळे होतो. हे आपण करायचं नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे वर्गाची वयोमर्यादा डिसेंबरअखेर असते. २०१२ साली आलेल्या निष्कर्षांत दिसलं की जानेवारीत जन्मलेल्या मुलांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या, म्हणजे वर्गात सगळ्यात लहान असलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त होतं, मुलींमध्ये ७० टक्क्यांनी. अकरा महिन्यांचं लहानपण आजार म्हणून नोंदलं जात होतं. म्हणून कुणाबद्दल शंका आली तर आधी हजेरीपटावरची जन्मतारीख बघा.

आणि लक्ष न लागण्याची दुसरी कारणं पुष्कळ असतात. कानात मळ साठलेला असतो, फळा धूसर दिसत असतो. रात्री घोरणारं, तोंडाने श्वास घेणारं मूल झोपच नीट न झाल्यामुळे दिवसा सैरभैर असतं. काही मुलं बोलता बोलता पाच-दहा सेकंद शून्यात बघतात आणि पुन्हा जागेवर येतात, तो फेफऱ्याचा एक प्रकार असू शकतो. घरी मारहाण होत असेल, कुणी गेलं असेल, तर मूल वर्गात बसूनही वर्गात नसतं. वाचनाची अडचण असलेलं मूल वाचनाच्या तासालाच तेवढं उठबस करतं. यातलं काय आहे हे ठरवणं डॉक्टरांचं काम. पण 'वाचनाच्या तासालाच उठतो, चित्रकलेत तासभर हलत नाही' हे वाक्य त्यांना दुसरं कुणी देऊ शकत नाही. आपण नाव लिहायचं नाही, दिसलं ते लिहायचं.

आता औषधाबद्दल, कारण शिक्षकखोलीत यावर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चुकीचं बोललं जातं.

मी ज्या शाळेत पूर्वी होते तिथे एका शिक्षकांनी भर वर्गात एका मुलाला विचारलं, "आज गोळी घेतली नाहीस वाटतं?" वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून त्या मुलाने घरी गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकायला सुरुवात केली. आईला कळायला महिना गेला. मुलाचं औषध ही त्याची खाजगी गोष्ट आहे. ती आपल्याला सांगितली जाते ती विश्वासाने.

ही औषधं गुंगीची नाहीत. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं मिथिलफेनिडेट हे उत्तेजक आहे. ते मेंदूच्या पेशींमध्ये डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या संदेशवाहक रसायनांची उपलब्धता वाढवतं, त्यामुळे पुढच्या भागाची आवर घालण्याची क्षमता सुधारते. उत्तेजकाने मूल स्थिर होतं हे पहिल्यांदा दिसलं ते १९३७ मध्ये, अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये. चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी ३० मुलांना आठवडाभर बेंझेड्रिन दिलं आणि जवळपास निम्म्या मुलांच्या शाळेतल्या कामात ठळक फरक पडला. तो फरक वर्गात टिपला गेला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मुलं त्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली होती.

साध्या मिथिलफेनिडेटचा परिणाम तीन-चार तास टिकतो, लांबवलेल्या प्रकाराचा आठ ते बारा तास. म्हणून सकाळी नीट असलेला मुलगा दुपारी अचानक बिथरला तर तो 'रंग दाखवतोय' असं नसून औषध उतरलेलं असू शकतं. ती वेळ टिपून पालकांना सांगा, मात्रा ठरवायला तिचा थेट उपयोग होतो. भूक मंदावते, डबा भरलेला परत जातो. झोप उशिरा लागते, कधी डोकं किंवा पोट दुखतं, उंचीची वाढ थोडी रेंगाळू शकते. म्हणून डॉक्टर वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघत राहतात. मूल फारच गप्प झालं, त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, तर तेही कळवा. उपचार बरोबर चालला असेल तर मूल त्याचं तेच राहतं. सगळ्यांना पहिलं औषध लागू पडत नाही. ॲटोमॉक्सेटीनसारखी उत्तेजक नसलेली औषधंही आहेत, त्यांचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, तेव्हा आठवड्यात फरक दिसला नाही म्हणून पालकांना नाउमेद करू नका. आणि 'बंद करा ते औषध' किंवा 'चालू करा एखादं', यातलं काहीही बोलायचा आपल्याला अधिकार नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी तर आधी पालकांचं प्रशिक्षणच सुचवलं जातं. मुलाशी कसं बोलायचं, नियम कसे लावायचे, कौतुक केव्हा करायचं, हे शिकवणारं. औषधाचा विचार त्यानंतर.

१९९९ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सात ते दहा वर्षांच्या आतल्या ५७९ मुलांवर १४ महिने उपचार केले गेले. मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा परिणाम नुसत्या वर्तनोपचारांपेक्षा, म्हणजे नियम, कौतुक आणि बक्षिसं यांनी वागणं घडवण्याच्या उपचारांपेक्षा, जास्त झाला. दोन्ही एकत्र मिळालेल्या मुलांचं कमी मात्रेत भागलं, आणि त्यांचं घरातल्यांशी नातं, शाळेतलं शिकणं, अशा गोष्टींत थोडा जास्त फायदा दिसला. त्यात 'काळजीपूर्वक' म्हणजे काय होतं तर दर महिन्याची तपासणी आणि शिक्षकांकडून घेतलेली माहिती. बाहेर नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्या मुलांपैकी दोन तृतीयांश जणांनाही औषध मिळतच होतं, पण त्यांची प्रगती मागे राहिली. अभ्यासातले उपचार संपल्यावर तीन वर्षांच्या टप्प्याला सगळे गट जवळपास सारखे झाले होते. मला यातून एवढंच समजलं की हे उपचार एकदा लावून विसरायचे नसतात, आणि जोवर ते चालू आहेत तोवर त्यांत वर्गशिक्षकाची जागा रिकामी ठेवून चालत नाही.

साखर खाऊन मुलं चंचल होतात असं घरोघरी मानतात. कोणाला साखर दिली हे आईवडील, मुलं आणि तपासनीस कुणालाच माहीत नसलेल्या प्रयोगांत तसं काही आढळलं नाही. पालकांना त्यावरून दोष देऊ नये, एवढं सांगून पुढे जाते.

मधल्या सुट्टीवर मात्र थांबते. मी ती काढून घ्यायचे. 'काम पूर्ण नाही ना, बस वर्गात.' माझ्या त्या मुलाने एका महिन्यात किती सुट्ट्या वर्गात बसून काढल्या हे आठवलं की आजही पोटात तुटतं. सुट्टी गेली की पुढचे दोन तास तो अधिकच उसळायचा, आणखी काम राहायचं, म्हणून दुसऱ्या दिवशीची सुट्टी जायची. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट म्हटलं की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी सुट्टी काढून घेऊ नये, कुणाचीच. ज्याला हलण्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्याची तर नाहीच. फ्लोरिडातल्या संशोधकांना एका प्रयोगात दिसलं की एडीएचडी असलेली मुलं जास्त हलत होती तेव्हा डोक्यात गोष्टी धरून ठेवायची कामं त्यांना उलट बरी जमत होती. बाकाखाली पाय हलत असेल आणि पेन्सिल चालू असेल तर पायाकडे बघू नका. वह्या वाटायला, फळा पुसायला त्यालाच उठवा.

"एवढ्या मुलांत एकट्यावर किती लक्ष द्यायचं?" हा तुमचा प्रश्न मला ऐकू येतो आहे आणि तो रास्त आहे. मी जे करते त्यातलं बहुतेक सगळं आता पूर्ण वर्गासाठीच करते. सूचना एका वेळी एकच. गृहपाठ तोंडी सांगून सोडत नाही, फळ्याच्या ठरलेल्या कोपऱ्यात रोज लिहिते. वीस उदाहरणांचं पान दुमडून आधी पाच सोडवायला सांगते. फक्त एका मुलासाठी मी जे करते त्याला दिवसाकाठी चार मिनिटं लागतात. वहीएवढं कार्ड, त्यावर तीनच ओळी: हात वर करून बोलला, सुरू केलेलं काम माझ्याकडे आणून दिलं, दप्तर भरताना यादी पाहिली. प्रत्येक तासाच्या शेवटी हो किंवा नाही, तिथेच, त्याच्यासमोर. कार्ड घरी जातं, आणि चार 'हो' असतील तर घरी आधी ठरलेली एखादी लहानशी गंमत मिळते. पहिल्या आठवड्यात लक्ष्य इतकं सोपं ठेवा की तो जिंकलाच पाहिजे. या मुलांना महिन्याच्या शेवटी मिळणारं बक्षीस दिसतच नाही, त्यांना आत्ताचं दिसतं. दुपारी केलेलं कौतुकही सकाळच्या कामाला उशिरा पोचतं. रोजच्या कार्डाची ही पद्धत माझ्या डोक्यातून आलेली नाही, ५७९ मुलांच्या त्या अभ्यासातही वर्तनोपचारांच्या गटासाठी ती वापरली होती.

आणि रागवावं लागलं, लागतंच, तर जवळ जाऊन हळू आवाजात दोन शब्द. वर्गासमोर नाव घेऊन नको. दिवसातून ज्याचं नाव वीस वेळा पुकारलं जातं त्याच्याशी महिन्याभरात कुणी डबा वाटून खात नाही, हे मी बघितलं आहे. मुलांनी कुणाला दूर ठेवायचं हे मुलं आपल्या आवाजावरून ठरवतात.

पुढच्या वर्षी त्याच मुलाचा फॉर्म पुन्हा आला. तो अजून माझ्याच वर्गात होता, मी त्याच वर्गासोबत वर सरकले होते. मी आईला म्हटलं, "आठ दिवस द्या." पाकीट टेबलाच्या खणात ठेवलं, बाजूला एक छोटी वही. तासागणिक एखादी ओळ टिपत गेले, एका दिवशी नाही, आठही दिवस. मग शनिवारी शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून एकेक वाक्य वाचून खूण केली. काही खुणा शेवटच्या रकान्यात गेल्या, काही पहिल्या. 'मुद्दाम इतरांना दुखावतो' समोर 'कधीच नाही' केली आणि ती दोनदा गिरवली. खाली 'इतर काही' अशी बोटभर जागा होती. तिथे मावेना म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:

'फळ्यावरून उतरवताना ओळ चुकते, पुस्तकातून उतरवताना सहसा नाही. पहिल्या दोन तासांत कामं पूर्ण होतात, साडेअकरानंतर निम्मी राहतात. गोष्ट ऐकताना खडूचा तुकडा हातात दिला तर शेवटपर्यंत बसतो आणि नंतर विचारलं तर सगळी सांगतो. डबा चारदा परत गेला. मंगळवारी एका लहान मुलीची चप्पल गटारीत पडली तेव्हा मी उठायच्या आत ती काढून धुऊन आणली. वजाबाकी येते.'

आपली,
एक वर्गशिक्षिका